बेडी तुटल्यानंतर



अमेरिकेतील यादवी युद्धाचे नाव घेतले की अब्राहम लिंकनची उंच मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्याने लेखणी उचलली आणि गुलाम मुक्त झाले, असे चित्र शाळेतल्या पुस्तकाने आपल्या मनावर ठसवले आहे. लिंकनचा मोठेपणा आम्हांला कमी करावयाचा नाही. पण आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो. कागदावर सही झाली म्हणजे तंटा मिटला असे नव्हे. त्या सहीचा अंमल करून घेण्याचे काम दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. त्या नजरेने हा इतिहास आज पाहावयाचा आहे.

१८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे ४० लाख गुलाम होते. दक्षिणेचा कापूस त्यांच्या कष्टावर पिकत होता, आणि ते स्वतःही मालकांच्या मत्तेत रोख भावाने मोजले जात होते. गुलामगिरीचा विस्तार होऊ देणार नाही, असे म्हणणारा लिंकन निवडून येताच २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटले; मागाहून आणखी १० राज्ये गेली. हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होते, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पण मिसिसिपी राज्याने फुटून निघताना जो जाहीरनामा काढला, त्यात आपली बाजू गुलामगिरीशी एकरूप आहे, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आरोपीचा कबुलीजबाब असता साक्षीदार कशाला हवेत?

एप्रिल १८६१ मध्ये तोफा सुरू झाल्या. पुढल्याच महिन्यात व्हर्जिनियातील तीन गुलाम रात्री होडीतून निघून उत्तरेच्या ताब्यातील मन्रो किल्ल्यावर आले. मालकाचा माणूस त्यांना मागावयास आला, तेव्हा जनरल बटलरने ते 'शत्रूचा जप्त माल' आहेत असे ठरवून परत देण्याचे नाकारले. ही वार्ता मळ्यामळ्यांत पसरली आणि हजारो माणसे त्या वाटेने चालू लागली. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३५ साली याला सार्वत्रिक संप म्हटले, आणि ते नाव आम्हांला यथार्थ वाटते. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा या चालत्या पावलांच्या मागून आला, आणि तोही बंडखोर प्रदेशापुरताच.

उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय शिपाई लढले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. काळ्याला १०, आणि त्यांतून कपड्याचे ३ कापून हातात ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा कमी पगार घेण्याचेच नाकारले. राज्य सरकार फरक भरून देऊ म्हणाले, तेही त्यांनी घेतले नाही. घरी बायकामुलांचे हाल होत असताना ही माणसे बिनपगारी लढली आणि मेली. जून १८६४ मध्ये काँग्रेसला समान पगार मान्य करावा लागला.

युद्ध संपत आले तसा खरा प्रश्न पुढे आला: मुक्त झालेल्या माणसाने खावयाचे काय? १२ जानेवारी १८६५ रोजी सव्हाना शहरात जनरल शर्मनने २० कृष्णवर्णीय पुढाऱ्यांना बोलावून त्यांना काय हवे ते विचारले. त्यांचा मुखत्यार गॅरिसन फ्रेझर ६७ वर्षांचा धर्मोपदेशक होता. त्याने स्वतःला आणि बायकोला रोख पैसे मोजून सोडवले होते. त्याचे उत्तर असे, की आम्हांला जमीन हवी, ती आमच्या हातांनी कसून आमचे आम्ही पोट भरू. चारच दिवसांनी शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन कुटुंबाला ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला, आणि सुमारे ४० हजार माणसे तेथे वसली.

पण एप्रिलात लिंकनचा खून झाला. त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने बंडखोर मालकांना माफी दिली आणि जमिनी त्यांच्या त्यांना परत केल्या. एडिस्टो बेटावरील लोकांनी अर्ज केला, विनवण्या केल्या. उपयोग झाला नाही. आमच्या मते अमेरिकेच्या पुढील शंभर वर्षांचे दुःख त्या शरद ऋतूत पेरले गेले.

डिसेंबर १८६५ मध्ये १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली. अपवाद फक्त गुन्ह्याच्या शिक्षेचा. त्याच सुमारास मिसिसिपीने कायदा केला, की प्रत्येक काळ्या माणसाकडे दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा असावा, आणि वर्ष पुरे होण्याआधी काम सोडल्यास त्याची कमावलेली मजुरी बुडावी. पुरावा नसेल तर तो भटक्या ठरे. दंड भरता न आला तर त्याला मजुरीला लावून दंड वसूल करीत. मळा तोच, मालक तोच, फक्त नाव बदलले.

याला उत्तरही मिळाले. जून १८६६ मध्ये त्याच मिसिसिपीतील जॅक्सन गावच्या धुणे धुणाऱ्या बायकांनी नगराध्यक्षाला पत्र लिहून कळवले, की आम्ही सर्वांनी एकच दर ठरवला आहे, आणि कमी दराने काम करणारीला दंड होईल. गुलामीतून सुटून पुरते वर्ष-दीड वर्ष झालेल्या बायकांची ही एकी! १८६७ पासून काळ्या पुरुषांनी दक्षिणेत मते दिली. १८७० साली हायरम रेव्हल्स सिनेटात बसला. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत सरकारी शाळा प्रथमच उभ्या राहिल्या, आणि त्यांचा लाभ गरीब गोऱ्यांनाही झाला.

मग हे टिकले का नाही? कू क्लक्स क्लॅनने रात्री घरे जाळली, पुढारी मारले. एप्रिल १८७३ मध्ये लुईझियानातील कोलफॅक्स येथे भीषण कत्तल झाली, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरलेल्यांची शिक्षा रद्द केली. १८७७ मध्ये वादग्रस्त निवडणुकीचा सौदा पटला आणि काळ्या मतदाराच्या पाठीशी असलेले लष्कर बाजूला झाले. जमीन नसलेला माणूस वाट्याने शेती करी. बी-बियाणे आणि धान्य दुकानदाराकडून उधार घेई. हंगामाअखेर वहीत बाकी त्याच्याच नावावर निघे. 'उचल' या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगाराला आम्ही सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट आम्ही स्वतः कामगार चळवळीतले म्हणूनच सांगतो. १८६५ मध्ये बॉल्टिमोरच्या गोदीतील गोऱ्या कामगारांनी संप केला, तो काळ्या कामगारांना कामावरून हाकलण्यासाठी. तेथल्याच आयझॅक मायर्सने आपल्या लोकांची सहकारी गोदी उभी केली, आणि १८६९ मध्ये त्याला काळ्या कामगारांची वेगळी राष्ट्रीय संघटना काढावी लागली, कारण गोऱ्यांच्या बहुतेक संघटनांची दारे बंद होती. मालकाला याहून स्वस्त फौज कोठे मिळणार? दोन मजूर रंगावरून भांडत राहिले आणि दोघांचीही मजुरी खाली राहिली.

कोलफॅक्सच्या त्याच साली, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका आमच्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून होती. कित्ता पुढे खुद्द अमेरिकेनेच अर्धा टाकला. गेलेला मताचा हक्क परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. आणि १९६८ च्या एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागली, तेव्हा ते मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यास गेलेले होते. त्यांच्या मृत्यूनंतर बाराव्या दिवशी तो संप मिटला. पगारवाढ मिळाली, संघटनेला मान्यता मिळाली.

सव्हानाच्या त्या म्हाताऱ्याने मागितले ते फार नव्हते. आपल्या गावातही कायद्याने मुक्त झालेली माणसे आहेत. त्यांच्या हाती जमीन किती, मजुरी किती, आणि आपल्या संघटनेची दारे त्यांना उघडी किती, एवढे तीन हिशेब घरी गेल्यावर प्रत्येकाने करावेत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.