लिव्होर्नोचा शेवटचा सेकंद: इटलीच्या बास्केटबॉलचा १९८८-८९चा हंगाम

२७ मे १९८९ या दिवशी इटलीतल्या लिव्होर्नो शहरात बास्केटबॉलचा एक सामना संपला, आणि तो नेमका कधी संपला यावर तिथे अजून वाद चालतो. आज आपण त्या सामन्याकडे आणि ज्या हंगामाचा तो शेवट होता त्या हंगामाकडे पाहणार आहोत. इतिहास म्हणून पाहूच. पण आमचा पिंड तत्त्वज्ञानाचा, तेव्हा मधूनमधून तिकडे वळणं होणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी पार्श्वभूमी. इटलीत फुटबॉलच्या खालोखाल ज्या सांघिक खेळांवर लोकांचा जीव आहे त्यांत बास्केटबॉल फार वरचा. सर्वोच्च गटाला तेव्हा ‘सेरिए आ-उनो’ म्हणत. सोळा संघ, प्रत्येकाचे तीस साखळी सामने, आणि मग बाद फेरी. अंतिम फेरी पाच सामन्यांची. तीन जिंकेल तो विजेता. विजेत्याला पुढच्या वर्षी जर्सीवर तिरंगी ढालीचं छोटं चिन्ह लावायला मिळतं, त्याला ‘स्कुदेत्तो’ म्हणतात. विजेतेपदालाही तेच नाव.

संघांची नावं ऐकून नवखा माणूस गोंधळतो. मिलानचा ऑलिंपिया हा क्लब एकच, पण नोंदवहीत तो कधी सिमेन्थाल, कधी बिली, कधी सिमाक, कधी ट्रेसर, आणि आपल्या हंगामात फिलिप्स. प्रायोजक बदलला की नाव बदलायचं. पेसारोचा संघ स्काव्होलिनी, म्हणजे स्वयंपाकघराचं फर्निचर करणारी कंपनी. लिव्होर्नोचा लिबेर्तास त्या वर्षी एनिकेम, म्हणजे सरकारी तेलसमूहाची रसायन कंपनी. नाव बदललं, खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलला, तरी संघ तोच कसा? वर्गात हा प्रश्न टाकला की तास संपतो. प्रेक्षकांना तो कधीच पडला नाही, कारण त्यांच्या लेखी संघ म्हणजे गाव.

तेव्हा गावाबद्दल बोलू. मिलान हे पैशाचं, उद्योगांचं शहर. ऑलिंपियाच्या नावावर तोवर तेवीस स्कुदेत्तो होते, आणि १९८७ व १९८८ असे लागोपाठ दोन युरोपीय चषकही. लिव्होर्नो हे तस्कनीच्या किनाऱ्यावरचं बंदर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेदिची घराण्याने सवलती देऊन परदेशी आणि ज्यू व्यापाऱ्यांना तिथे वसवलं. १९२१ मध्ये इटलीचा कम्युनिस्ट पक्ष याच गावात जन्मला. गोदी कामगारांचं गाव, तोंडाने फटकळ, आणि बास्केटबॉलचं वेड असं की एवढ्याशा शहराचे त्या काळात सर्वोच्च गटात दोन-दोन संघ! लिबेर्तास आणि पाल्लाकानेस्त्रो लिव्होर्नो. त्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. विजेतेपद मात्र दोघांपैकी एकाकडेही नव्हतं.

हा हंगाम इतर कारणांनीही लक्षात राहण्याजोगा. मार्च १९८९ मध्ये अथेन्सला चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला, रेआल माद्रिद विरुद्ध इटलीचं कासेर्ता. द्राझेन पेत्रोविचने एकट्याने ६२ गुण केले, कासेर्ताच्या ऑस्कार श्मिटने ४४. माद्रिद ११७-११३ असं जिंकलं. एप्रिलमध्ये जागतिक संघटनेने अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकची दारं उघडली. क्लबांच्या पातळीवर इटलीत मात्र ते केव्हाच खेळत होते. मिलानकडे बॉब मॅकअडू होता, १९७५ साली एनबीएचा सर्वोत्तम ठरलेला आणि लेकर्सबरोबर दोनदा विजेता. वय सदतीस. माईक डँटोनी अडतीसचा. आणि मध्यभागी दीनो मेनेगिन, एकोणचाळीस! या म्हाताऱ्यांचा प्रशिक्षक फ्रांको कासालीनी. पलीकडे लिव्होर्नोचा प्रशिक्षक आल्बेर्तो बुच्ची, ज्याने १९८४ मध्ये बोलोन्याला विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्याच्या हाताखाली फान्तोत्सी, फोर्ती, कारेरा, तोनूत, आणि अमेरिकन जोडी वेंडेल अलेक्सिस व जो बिनियन.

उपांत्य फेरीत मिलानची गाठ पेसारोशी पडली. पेसारो आदल्या वर्षीचा विजेता. पेसारोच्या मैदानावर प्रेक्षकांतून कुणीतरी नाणं भिरकावलं, ते मेनेगिनला लागलं. सामना पेसारोने जिंकला, पण पुढे शिस्तपालनाच्या निर्णयात तो मिलानला बहाल झाला. इटालियनमध्ये यासाठी एक शब्दप्रयोग आहे, ‘आ ताव्होलिनो’, म्हणजे टेबलावर लागलेला निकाल. आपल्या प्रेक्षकाने केलं त्याची किंमत क्लबने मोजायची, मग क्लबचा दोष असो वा नसो, असं त्यामागचं तत्त्व. आम्हाला ते तत्त्व पूर्णपणे पटत नाही, पण त्यामागची अडचण समजते. गर्दीतला हात सापडत नाही, म्हणून गर्दीच्या मालकाला धरायचं. पेसारोच्या दहा खेळाडूंनी घाम गाळून जिंकलेला सामना एका नाण्याने गेला.

हे नाणं लक्षात ठेवा. तिथे काय घडलं याबद्दल फारसा वाद नव्हता. निकाल कसा लावायचा एवढाच वाद होता. लिव्होर्नोत नेमकं उलट झालं.

अंतिम फेरी दोन-दोन अशी बरोबरीत आली. साखळीत वरचं स्थान मिळवल्यामुळे पाचवा सामना लिव्होर्नोच्या घरी. सभागृह खच्चून भरलेलं. शेवटच्या क्षणी मिलान ८६, लिव्होर्नो ८५. चेंडू फान्तोत्सीकडे आला, त्याने पुढे धावणाऱ्या आंद्रेआ फोर्तीकडे दिला, फोर्तीने उडी घेऊन तो आत सोडला. बास्केट! ८७-८६. लोक मैदानात घुसले, खेळाडू खांद्यांवर गेले, बाहेर गावात आनंदाला उधाण आलं. काही मिनिटं लिव्होर्नो इटलीचा विजेता होता.

मग निर्णय आला: फोर्तीचा चेंडू वेळ संपल्यावर सुटला. बास्केट रद्द. मिलान ८६-८५ ने विजेता, चोविसावा स्कुदेत्तो. त्यानंतर जे झालं ते धक्काबुक्की, आरडाओरडा, पोलीस. त्यावर आम्ही वेळ घालवत नाही, अशा प्रसंगी जगात सगळीकडे तेच होतं.

आता नियम काय? चेंडू आत कधी पडला याला महत्त्व नाही. वेळ संपल्याचा इशारा होण्यापूर्वी तो हातातून सुटला होता का, एवढंच पाहायचं. मैदानावर तेव्हा पंच दोन. त्यांनी एकाच वेळी फोर्तीच्या बोटांकडे पाहायचं, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, आणि हजारोंच्या गजरात भोंगा ऐकायचा. दूरचित्रवाणीचं चित्रीकरण होतं, पण ते पाहून निकाल लावायची सोय नियमात नव्हती. एनबीएने ती सोय २००२-०३च्या हंगामात आणली. त्याआधीच्या वसंतात सॅक्रामेंटोविरुद्ध लेकर्सचा एक बास्केट उशिरा सुटूनही धरला गेला होता. क्रिकेटमध्ये तिसरा पंच आला तो १९९२ मध्ये, डर्बनला, आणि त्याने दिलेला पहिला बळी आपल्या सचिनचा, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. लिव्होर्नोची रात्र त्याच्या तीन वर्षं आधीची.

न्यायशास्त्रात सोळा पदार्थ सांगितले आहेत. तिसरा संशय, नववा निर्णय. मधे बरंच काही येतं: दृष्टान्त, अवयव, तर्क. पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तपासून वस्तूचं जे निश्चित ज्ञान होतं तो निर्णय. पंचाला तिसऱ्या पायरीवरून नवव्यावर एका उडीत जावं लागतं. मग त्याचं जे असतं त्याला निर्णय म्हणायचं का? आमच्या मते गौतमाच्या अर्थाने नाही. त्याला निवाडा म्हणावं. निर्णय वस्तूला बांधलेला असतो, निवाडा त्या निवाड्याच्या अधिकाराला.

इंग्रज विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ च्या आपल्या ‘द कॉन्सेप्ट ऑफ लॉ’ या ग्रंथात खेळातल्या गुणलेखकाचंच उदाहरण घेतलं आहे. त्याचा शब्द अंतिम असतो, पण म्हणून तो अचूक असतोच असं नाही. ‘गुणलेखक म्हणेल तो गुण’ हाच जर नियम असेल तर तो निराळाच खेळ झाला. त्यात गुणलेखक कधी चुकूच शकणार नाही, आणि मग नेम धरण्याला अर्थ उरणार नाही. गुणाचा नियम खेळाडूंना आणि प्रेक्षकांनाही माहीत असतो, त्यावरूनच ते ‘पंच चुकला’ असं म्हणू शकतात. लिव्होर्नोचे लोक तेच म्हणत आले. त्यांचा दावा आहे की चेंडू वेळेत सुटला. हा दावा खरा किंवा खोटा असू शकतो, एवढ्यानेच तो अर्थपूर्ण ठरतो. चित्रफीत पुढे असंख्य वेळा थांबवून-थांबवून पाहिली गेली, आणि बाहेरच्या बहुतेकांचा कौल पंचांकडे झुकतो. आमचाही. पण ‘पंचांनी सांगितलं, विषय संपला’ म्हणून गप्प बसवणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. निवाडा अंतिम असतो तो पुढचा हंगाम सुरू करता यावा म्हणून. काय घडलं हा प्रश्न त्याने बंद होत नाही.

मेनेगिनपाशी क्षणभर थांबू. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो इटलीकडून खेळला होता. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले, सोव्हिएत संघ ५१-५० ने जिंकला आणि अमेरिकनांनी रौप्यपदकं नाकारली. सतरा वर्षांनी पुन्हा एका वादग्रस्त सेकंदाच्या कडेला तो उभा, या वेळी जिंकलेल्या बाजूला. हा त्याचा बारावा आणि अखेरचा स्कुदेत्तो. सात व्हारेसेबरोबर, पाच मिलानबरोबर.

राहता राहिली ती काही मिनिटं. तो आनंद खोटा होता का? वेदान्तातला दोरी-सापाचा दृष्टान्त आपल्याला पाठ असतो: साप मिथ्या, पण सापाला पाहून सुटलेला घाम खरा. लिव्होर्नोत विजय दोरीवरचा साप ठरला. पण एका गोदी कामगाराने शेजाऱ्याला मारलेली मिठी? ती घडली. पेसारोच्या बाबतीत विजय खरा होता आणि टेबलावर काढून घेतला; इथे विजय नव्हताच, आनंद मात्र पुरेपूर झाला. दोन्हीत जास्त दुःख कशाचं, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही. पेसारोला निदान कुणावर रागवायचं ते माहीत होतं.

पुढची हकीकत थोडक्यात. पेसारोने १९९० मध्ये विजेतेपद परत मिळवलं, १९९१ मध्ये ते कासेर्ताकडे गेलं. लिव्होर्नोच्या दोन हाडवैरी क्लबांचं त्याच १९९१ साली विलीनीकरण झालं. स्कुदेत्तो त्या गावात अजून आलेला नाही.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.