फेसिंग द जायंट्स

फेसिंग द जायंट्स हा २००६ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन ख्रिस्ती क्रीडापट आहे. अ‍ॅलेक्स केंड्रिक यांनी तो दिग्दर्शित केला असून पटकथा त्यांनी आपले बंधू स्टीफन केंड्रिक यांच्यासह लिहिली आहे. मुख्य भूमिकाही अ‍ॅलेक्स यांनीच केली. जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी शहरातल्या शेरवूड बॅप्टिस्ट चर्चने आपल्या शेरवूड पिक्चर्स या संस्थेमार्फत त्याची निर्मिती केली. दुबळ्या मानल्या गेलेल्या संघाचा श्रद्धेच्या बळावर होणारा उत्कर्ष दाखवणाऱ्या चित्रपटांमध्ये याचे नाव आवर्जून घेतले जाते.

कथानक

ग्रँट टेलर हा शायलो ख्रिश्चन अकॅडमी या शाळेच्या ‘ईगल्स’ अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. सहा वर्षांत त्याला एकही यशस्वी हंगाम देता आलेला नाही. घरी पैशाची चणचण आहे, मोटार वारंवार बंद पडते आणि मूल न होण्याचे कारण त्याच्यातच असल्याचे वैद्यकीय तपासणीत निष्पन्न होते. अशातच काही पालक त्याला पदावरून काढण्याचा घाट घालत असल्याचे त्याच्या कानी पडते. रात्रभर प्रार्थना व बायबलचे वाचन केल्यानंतर तो संघापुढे नवे ध्येय ठेवतो: जिंकलो तरी देवाची स्तुती करायची आणि हरलो तरी करायची.

चित्रपटातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग सरावाच्या मैदानावर घडतो. पुढचा सामना हरल्यातच जमा आहे, असे संघनायक ब्रॉक केली बोलून दाखवतो. ग्रँट त्याला ‘डेथ क्रॉल’ हा व्यायाम करायला लावतो. यात पाठीवर एका सहकाऱ्याला घेऊन, गुडघे जमिनीला न टेकवता केवळ हातापायांवर पुढे सरकायचे असते. ब्रॉकच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते आणि पाठीवर १६० पौंडांचा खेळाडू असतो. पन्नास यार्डांचे लक्ष्य ठरलेले असताना, प्रशिक्षकाच्या ओरडण्याच्या जोरावर तो संपूर्ण १०० यार्डांचे (सुमारे ९१ मीटर) मैदान पार करतो. पट्टी काढल्यावरच त्याला ते कळते. या प्रसंगात देवाचा उल्लेख अगदी मोजका आहे. त्यामुळे धार्मिक चित्रपटांशी काहीही संबंध नसलेल्या प्रेक्षकांपर्यंतही तो पोहोचला.

अंतिम सामना ‘रिचलँड जायंट्स’ या संख्येने व ताकदीने कितीतरी मोठ्या संघाशी होतो. निर्णायक क्षणी डेव्हिड चिल्डर्स या किरकोळ शरीरयष्टीच्या मुलाला ५१ यार्डांवरून चेंडू लाथाडून फील्ड गोल करायचा असतो. चाकांच्या खुर्चीला खिळलेले त्याचे वडील गोलखांबांमागे कुंपणाचा आधार घेऊन उभे राहतात. त्यांना पाहून तो प्रयत्न करतो आणि ईगल्स राज्य विजेतेपद मिळवतात.

शीर्षक आणि बायबलचा संदर्भ

शीर्षकातील ‘जायंट्स’ हे प्रतिस्पर्धी संघाचे नाव आहेच; शिवाय ते बायबलमधील पहिले शमुवेल या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायाकडेही निर्देश करते. तेथे दावीद हा मेंढपाळ मुलगा गोफणीने गल्याथ या महाकाय योद्ध्याला पाडतो. चित्रपटातील मुलाचे नाव डेव्हिड, म्हणजे दावीदच, असणे हा योगायोग नव्हे. कथेतील आणखी एक दृष्टांत शेतीचा आहे. दुष्काळात दोन शेतकरी पावसासाठी प्रार्थना करतात, पण त्यांपैकी एकच शेताची मशागत करून ठेवतो. पावसावर खरा विश्वास कोणाचा, असा प्रश्न एक वृद्ध गृहस्थ ग्रँटला विचारतो. चित्रपटाला अभिप्रेत असलेली श्रद्धा ही अशी आहे. ती कष्टाची जागा घेत नाही, उलट कष्ट करायला लावते.

निर्मिती व प्रदर्शन

चित्रपटाचा खर्च सुमारे एक लाख डॉलर होता. बहुतेक कलाकार व साहाय्यक हे चर्चचेच सदस्य असून त्यांनी विनामोबदला काम केले. जॉर्जिया विद्यापीठाचे तत्कालीन फुटबॉल प्रशिक्षक मार्क रिक्ट एका छोट्या भूमिकेत दिसतात. थर्ड डे या ख्रिस्ती संगीतसमूहाचे गाणे वापरण्यासाठी निर्मात्यांनी परवानगी मागितली, तेव्हा संबंधित संगीत कंपनीने चित्रपट पाहण्याची इच्छा दर्शवली आणि त्यातूनच देशव्यापी वितरणाचा मार्ग खुला झाला. २९ सप्टेंबर २००६ रोजी तो ४४१ चित्रपटगृहांत झळकला. त्याने एक कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले.

प्रदर्शनापूर्वीच तो वादात सापडला होता. अमेरिकेतील चित्रपट संघटनेने त्याला ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाची शिफारस करणारे, मानांकन दिले. धार्मिक आशयामुळेच असे झाल्याचा समज पसरला आणि काँग्रेस सदस्य रॉय ब्लंट यांनी संघटनेकडे विचारणा केली. वंध्यत्व, नैराश्य अशा प्रौढ विषयांमुळे हे मानांकन दिल्याचे संघटनेने स्पष्ट केले.

समीक्षा

समीक्षकांनी चित्रपटाचे फारसे स्वागत केले नाही. हौशी अभिनय व ठरावीक वळणांचे कथानक यांवर टीका झाली. अधिक गंभीर आक्षेप धर्मविचाराचा होता आणि तो काही ख्रिस्ती समीक्षकांनीही घेतला. पराभवातही स्तुती करण्याचे तत्त्व सांगणारी कथा नायकाला पराभवात फार काळ राहू देत नाही. बाद फेरीत संघ हरतो, तर प्रतिस्पर्धी अपात्र ठरतात. ग्रँटला नवी गाडी भेट मिळते, विजेतेपद मिळते आणि पत्नीला दिवसही जातात. भक्तीचे फळ ऐहिक समृद्धीत मोजणाऱ्या शिकवणुकीच्या जवळ हे जाते, असा हा आक्षेप आहे. तो निराधार म्हणता येत नाही. मात्र ग्रँटची पत्नी ब्रुक हिचा एक प्रसंग त्याला अपवाद ठरतो. चाचणी नकारात्मक आल्याचे ऐकून रुग्णालयाबाहेर पडताना, तरीही आपण देवावर प्रेम करीत राहू, असे ती म्हणते. अहवालात चूक झाल्याचे तिला त्यानंतरच कळते.

या संदर्भात चॅरियट्स ऑफ फायर (१९८१) या ब्रिटिश चित्रपटाशी तुलना उद्बोधक ठरते. त्यातील धावपटू एरिक लिडेल रविवारी न धावण्याच्या व्रतापायी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील १०० मीटर शर्यत सोडतो. पुढे तो ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकतो, पण सोडलेली शर्यत त्याला परत मिळत नाही.

नंतरचे चित्रपट

शेरवूड पिक्चर्सने यापूर्वी फ्लायव्हील (२००३) काढला होता; पुढे फायरप्रूफ (२००८) व करेजस (२०११) आले. केंड्रिक बंधू ओव्हरकमर (२०१९) या चित्रपटाद्वारे पुन्हा क्रीडाविषयाकडे वळले. त्यात दमा असलेली एक शाळकरी मुलगी आपल्या मरणासन्न वडिलांचा ध्वनिमुद्रित आवाज कानात ऐकत क्रॉस-कंट्री शर्यत धावते.