गाइड: एक कादंबरी, दोन सिनेमे आणि एक चिडलेला लेखक

'पुस्तक चांगलं की सिनेमा?' या विषयावर ऑफिसच्या कँटीनमध्ये वाद सुरू झाला की पुढचा अर्धा तास कामाचा नाही हे समजून चालायचं. कुणी 'शाळा'वर बोलतं, कुणी 'दुनियादारी'वर तावातावाने भांडतं, एखादा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला असतोच. आणि शेवटी निकाल ठरलेला, पुस्तकच बरं होतं! मला हा निकाल कायम संशयास्पद वाटतो. पुस्तक वाचलंय हे चारचौघांत सांगायची सोय त्यात आहे म्हणून तो इतका आवडता असावा :)

तर या वीकांताला या वादातली माझी सगळ्यात आवडती केस घेऊन बसलोय. आर. के. नारायण यांची 'द गाइड' आणि विजय आनंदचा 'गाइड'. आवडती अशासाठी की यात एकाच पुस्तकावर दोन सिनेमे निघाले, मूळ लेखक हयात होता, आणि तो गप्प बसला नाही.

आधी पुस्तकाबद्दल. नारायण १९५६ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत होते आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये एका हॉटेलच्या खोलीत बसून त्यांनी मालगुडीची ही गोष्ट लिहिली. (ऑनसाइटला जाऊन देशी काम करणारे आपणच पहिले नाही, मंडळी.) डोक्यात विषय मात्र म्हैसूरचा होता. तिथे एकदा मोठा दुष्काळ पडला असताना काही ब्राह्मणांनी अकरा दिवस उपास करून, गुडघाभर पाण्यात उभं राहून पावसासाठी प्रार्थना केली होती आणि नंतर खरंच पाऊस पडला होता, असं त्यांनी आपल्या आठवणींमध्ये लिहिलंय. मनापासून न करता नाइलाजाने हाच उपास कुणावर आला तर? हे ते बीज.

कादंबरी १९५८ मध्ये आली आणि १९६० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाला अकादमीने दिलेला तो पहिला पुरस्कार.

गोष्ट बहुतेकांना सिनेमामुळे माहीत असते. रेल्वे स्टेशनवर दुकान चालवता चालवता टुरिस्ट गाइड झालेला राजू, लेण्यांच्या नादात बायकोला विसरलेला मार्को, देवदासीच्या घरातली, एम. ए. झालेली आणि नाचावाचून तडफडणारी रोझी. राजू तिला मोठी नर्तकी बनवतो, पैसा येतो, राजू जुगार-दारूत रमतो, तिच्या दागिन्यांच्या कागदावर खोटी सही करतो आणि तुरुंगात जातो. सुटल्यावर नदीकाठच्या एका पडक्या देवळात जाऊन बसतो आणि गावकरी त्याला स्वामी समजायला लागतात. इथपर्यंत दोन्हींचा सांगाडा एकच.

यातली माझी सर्वात लाडकी जागा म्हणजे तो उपास सुरू कसा होतो ती. दुष्काळात गावकऱ्यांची मारामारी होणार म्हणून राजू वैतागून म्हणतो की भांडण थांबवलं नाहीत तर मी जेवणार नाही. निरोप घेऊन जाणारा वेंधळा, तो गावात जाऊन सांगतो की पाऊस पडेपर्यंत स्वामी जेवणार नाहीत! झालं. तोंडी सांगितलेली रिक्वायरमेंट मधल्या माणसाने बदलून पोचवली आणि प्रॉडक्शनला गेली. आता रोलबॅक नाही. आमच्या क्षेत्रात अशाने शनिवार-रविवार जातो, राजूचा जीव पणाला लागला.

आता सिनेमाकडे. १९६२ साली देव आनंद 'हम दोनो' घेऊन बर्लिनच्या महोत्सवाला गेला होता. तिथे त्याची गाठ पडली टॅड डॅनिएलेव्स्की या दिग्दर्शकाशी आणि पर्ल बक या लेखिकेशी. पर्ल बक म्हणजे 'द गुड अर्थ'वाल्या, १९३८ चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या. त्यांना भारतात एक इंग्रजी सिनेमा करायचा होता. देव आनंदने 'द गाइड' वाचलं, नारायणांना गाठलं आणि म्हैसूरला जाऊन हक्क घेतले. ठरलं असं की सिनेमा इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत करायचा आणि तोही एकाच वेळी! एक सेट, एकच नट मंडळी, एक टेक इंग्रजीचा आणि एक हिंदीचा. कागदावर काय सुंदर दिसतं हे. हिंदीसाठी दिग्दर्शक होता चेतन आनंद. दोन दिग्दर्शकांचं पटेना, आणि चेतन आनंद आपल्या 'हकीकत'कडे निघून गेला. शेवटी इंग्रजी आधी उरकायचं आणि मग हिंदी करायचं ठरलं. हिंदी आलं धाकट्या भावाकडे, विजय आनंद ऊर्फ गोल्डीकडे. त्याने पटकथा नव्याने लिहायला घेतली.

इकडे नारायणांचं काय चाललं होतं? त्यांनी मंडळींना मोठ्या हौसेने म्हैसूरच्या आसपास फिरवलं होतं. हा नदीचा घाट, हे छोटंसं देऊळ, ही निवांत वस्ती, माझी मालगुडी ही अशी. पाहुणे खूश झाले, माना डोलावल्या. आणि मग समजलं की शूटिंग राजस्थानात होणार आहे! रंगीत, मोठ्या पडद्याच्या सिनेमाला भव्य पार्श्वभूमी हवी म्हणून. नारायणांनी तक्रार केली तेव्हा मालगुडी कुठे आहे ते आता आम्ही ठरवू अशा सुराचं उत्तर मिळालं. एका हरणावरून दोन वाघांची झुंज दाखवायचाही बेत होता, म्हणजे प्रतीक! (एका बाईवरून दोन पुरुष. कळलं ना?) हे सगळं नारायणांनी 'मिसगायडेड गाइड' नावाच्या लेखात लिहून ठेवलंय. लेख चिडलेल्या माणसाचा आहे, पण वाचताना हसून हसून पुरेवाट होते. सिनेमाच्या बाजूने असाल तरी वाचाच.

इंग्रजी 'गाइड' १९६५ मध्ये अमेरिकेत लागला आणि पडला. नोबेलवाल्या लेखिकेची पटकथा, अमेरिकी दिग्दर्शक, इंग्रजीतच लिहिलेलं मूळ पुस्तक, तरी पडला. (जाता जाता, या टॅडचा मुलगा मार्क डॅनिएलेव्स्की. त्याने २००० साली 'हाऊस ऑफ लीव्ह्ज' ही कादंबरी लिहिली, जिचा सिनेमा होणं अशक्य आहे असं तिचे वाचक अभिमानाने सांगतात. बापाने केलेल्या गोंधळाचा परिणाम असेल का?)

हिंदी 'गाइड'चं काय झालं ते सांगायला नको. एस. डी. बर्मन, शैलेंद्र, वहिदा रहमान. राजूच्या आईच्या भूमिकेत आपल्या लीला चिटणीस. फिल्मफेअरचे सात पुरस्कार. पण मला हिशेब मांडायचाय तो गोल्डीने नेमकं काय बदललं याचा.

पहिला बदल मार्कोचा. पुस्तकातला मार्को वाईट माणूस नाही. तो कंटाळवाणा आहे. त्याला लेणी आवडतात, माणसं नाहीत. रोझी त्याची बायको असतानाच राजूशी तिचे संबंध जुळतात. मार्कोला ते कळल्यावर तो आरडाओरडा करत नाही, बोलणंच बंद करतो, आणि एके दिवशी तिला फलाटावर तशीच सोडून ट्रेनने निघून जातो. त्याहून कमाल म्हणजे रोझीला त्याच्याबद्दल शेवटपर्यंत आदर वाटत राहतो. मासिकात आलेला त्याचा फोटो ती कापून जपून ठेवते आणि राजू आतल्या आत जळतो.

सिनेमात? मार्को (किशोर साहू, उत्तम काम) लेण्यांत एका बाईबरोबर सापडतो. म्हणजे आता रोझीने घर सोडायला हरकत नाही! आधी नवऱ्याला बदफैली ठरवलं, मग बायकोला मोकळीक दिली. राजूचं आणि तिचं जे काही जुळतं ते त्यानंतरच. १९६५ च्या हिंदी प्रेक्षकाला विवाहबाह्य संबंधातली नायिका पचवायची तर काहीतरी अनुपान लागणार हे मला कळतं. तेवढ्या तडजोडीवरही तो सिनेमा त्या काळाच्या मानाने धीटच होता. पण माझ्या टीममधल्या एका मुलीने कँटीनच्या वादात एक प्रश्न टाकला तो डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "नवरा नाचू देत नाही, बोलत नाही, बघतही नाही, एवढं कारण पुरत नाही का? त्याला लफडेबाज दाखवल्याशिवाय तिने निघायचंच नाही?" सगळे गप्प. तिच्यासाठी हा प्रश्न सिनेमापुरता नव्हता, हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं.

या बाबतीत नारायणांची १९५८ ची रोझी सिनेमातल्या रोझीच्या पुढे आहे. राजू तुरुंगात गेल्यावर ती मद्रासला जाते आणि आपल्या हिमतीवर नाचत राहते, राजूवाचून तिचं काही अडत नाही. ती देवळात त्याला भेटायला वगैरे येत नाही. सिनेमात रोझी येते, आई येते, गफूर येतो, सगळे एकत्र. शेवट म्हटला की आपल्याकडे ग्रुप फोटो लागतोच.

दुसरा बदल शेवटाचा, आणि इथे मात्र मी पक्षांतर करतो. पुस्तकात उपासाच्या अकराव्या दिवशी राजू नदीत उभा आहे, डोंगरात पाऊस पडतोय असं त्याला वाटतं आणि तो खाली कोसळतो. बस्स. पाऊस आला का? तो मेला का? नारायण सांगत नाहीत. सिनेमात धो धो पाऊस, राजूचा मृत्यू, आणि त्याआधी त्याच्या देहाचा आणि आत्म्याचा तो प्रसिद्ध संवाद. पुस्तकप्रेमी नाक मुरडतात. उपरोध गेला, भोंदूचा संत केला, म्हणतात. खरंय, गेला. पण नारायणांचा तो उपरोध त्यांच्या वाक्यांत आहे, अर्ध्या हसण्यात आहे. तो कॅमेऱ्याला दिसणार कसा? गोल्डीने त्याच्या जागी दुसरा प्रश्न उभा केला, की हजारो लोकांचा विश्वास बसलाय म्हणून एखादा लबाड माणूस खरंच बदलू शकतो का? तुरुंगातून सुटल्यापासून सिनेमा त्या प्रश्नाकडे सरकत राहतो. फसवणारा माणूस आपल्याच सोंगात अडकतो आणि मग ते सोंग राहत नाही. हा प्रश्न नारायणांच्या पुस्तकात आहेच, गोल्डीने फक्त त्याचं उत्तर देऊन टाकलं. मला ते उत्तर पटत नाही, पण दर वेळी शेवटची वीस मिनिटं मी जागचा हलत नाही.

नारायणांचा राग समजण्यासारखा होता. मालगुडी त्यांनी वर्षानुवर्षं एकेक गल्ली जोडत उभी केली होती. तिथे महाल आणि किल्ले बसत नाहीत. पण राग यायला हवा होता तो मार्कोबद्दल, आणि ते जास्त भांडले राजस्थानबद्दल, असं आपलं माझं मत. १९८६ साली शंकर नाग यांनी 'मालगुडी डेज' केलं तेव्हा सगळा लवाजमा कर्नाटकातल्या आगुंबेला नेला, आणि शीर्षकाला आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं घेतली, म्हणजे नारायणांच्या सख्ख्या धाकट्या भावाची. तिथे मालगुडी अखेर मालगुडीसारखी दिसली.

आणि हो, त्या सात फिल्मफेअर पुरस्कारांमधला एक होता सर्वोत्कृष्ट कथेचा. तो मिळाला आर. के. नारायण यांना.