डब्यावरचा आकडा

२०१० सालची गोष्ट. माझा भाचा तेव्हा आमच्याकडे राहून अॅनिमेशन शिकत होता. घरातला संगणक जुना. त्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवायचं म्हणून पोरानं वर्षभर शिकवण्या घेतल्या, पैसे साठवले आणि एकदाचं कार्ड आणलं. मी सहज विचारलं, "एवढ्या कार्डाला आपला जुना एसएमपीएस पुरेल का रे?" तो म्हणाला, "पुरेल की मामू. डब्यावर पाचशे वॅट लिहिलंय." दुकानदारानंही मान डोलावली होती. शिवाय हार्ड डिस्कच्या दोन वायरींमधून कार्डाला वीज देणारा एक जोड त्यानं फुकट दिला होता.

तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. चौथ्या रात्री फट्‌ असा आवाज झाला आणि जळका वास घरभर पसरला. मदरबोर्ड गेला, नवं कार्ड गेलं, हार्ड डिस्कही गेली. तिच्यावर भाच्याचं परीक्षेचं काम होतं आणि माझ्या सहा वर्षांच्या कविता. भाचा दोन दिवस धड जेवला नाही. मी कलाशाखेचा पदवीधर, विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण पाचशे वॅटचा डबा दगा का देतो, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यातून त्या डब्याचा इतिहासच हाती लागला.

एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. आपल्या भिंतीत २३० व्होल्टची वीज असते, ती सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते. संगणकाला लागते १२, ५ किंवा ३.३ व्होल्टची स्थिर वीज. पूर्वी हे काम जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर करायचे आणि ते तापायचेही खूप. एसएमपीएस विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतो, त्यामुळे लहानसा ट्रान्सफॉर्मर पुरतो. ही युक्ती आधी अवकाशयानांत आणि महागड्या उपकरणांत वापरली जाई. १९७७ साली अॅपल-२ या संगणकात रॉड होल्ट या अभियंत्यानं ती घरगुती यंत्रात आणली. तो पुरवठा होता अवघा ३८ वॅटचा.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला. त्याचा पुरवठा ६३.५ वॅटचा, म्हणजे आपल्या साठच्या पिवळ्या बल्बएवढा. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये हार्ड डिस्क आली आणि पुरवठा १३० वॅटचा झाला. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये तो १९२ वॅट झाला. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढं पुन्हा भेटणार आहे.

त्या काळात संगणकाच्या चिपा मुख्यतः ५ व्होल्टवर चालत. म्हणून डब्याची बरीचशी ताकद ५ व्होल्टच्या वायरींत असे. १९९५ साली इंटेलनं एटीएक्स नावाचं मानक आणलं आणि त्यात ३.३ व्होल्टची भर पडली. पण चिपांची भूक वाढतच होती. आता साधा हिशेब बघा. ६० वॅट वीज ५ व्होल्टनं न्यायची तर १२ अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टनं न्यायची तर फक्त ५ अँपिअर. आणि वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. म्हणून २००० साली पेंटियम-४ च्या वेळी प्रोसेसरला १२ व्होल्टची स्वतंत्र चौकोनी जोडणी मिळाली. भार ५ व्होल्टवरून १२ व्होल्टवर सरकला.

ग्राफिक्स कार्डही त्याच वाटेनं गेलं. २००० साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू-५ ५५०० या कार्डाला खाचेतली वीज पुरेना, त्याला हार्ड डिस्कसारखी वेगळी वायर जोडावी लागे. २००४ पासून पीसीआय एक्सप्रेसची खाच रूढ झाली. खाचेतून ७५ वॅट, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५० अशी वाटणी ठरली. खाचेतली थोडी वीज सोडली, तर हे सगळं १२ व्होल्टवर.

हे कळल्यावर मी माळ्यावरून तो जळका डबा काढला आणि चष्मा लावून त्याच्या कुशीवरचा बारीक तक्ता वाचला. १२ व्होल्टसमोर लिहिलं होतं १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट! उरलेली ताकद ५ आणि ३.३ व्होल्टच्या वायरींत होती. आमच्या कार्डाला १५० वॅटपर्यंत लागणार होते आणि प्रोसेसरला ९५. बेरीज २४५. डब्याची घडण जुन्या काळातली होती, वर चिकटवलेला आकडा तेवढा नवा होता. त्यात चांगल्या डब्यांत असतं ते संरक्षणही नसावं. दाब किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की चांगला डबा स्वतः बंद होतो. आमचा बंद झाला नाही, मरताना सोबत्यांना घेऊन गेला.

भुकेचा इतिहास तिथंच थांबलेला नाही. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डाची गरज ४५० वॅटची होती. त्याच्या नव्या सोळा पिनांच्या जोडण्या काही ठिकाणी वितळल्या. पूर्ण न बसलेली जोडणी हे त्याचं एक प्रमुख कारण ठरलं आणि २०२३ मध्ये जोडणीची रचना सुधारावी लागली. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० ला ५७५ वॅट लागतात. म्हणजे एका कार्डात आयबीएमचे नऊ पहिले पीसी! शिवाय अशी कार्डं क्षणभर दुप्पटही वीज ओढतात. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात असे झटके सोसण्याची अट घातली गेली.

मग डबा निवडायचा कसा? मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टचे अँपिअर वाचा आणि बारानं गुणा. कार्ड आणि प्रोसेसर यांची बेरीज करा, वर तिसरा हिस्सा तरी शिल्लक ठेवा. कार्डाला लागणाऱ्या जोडण्या डब्यातूनच निघायला हव्यात, फुकटचा जोड नको. २००४ पासूनचा ८० प्लसचा शिक्का सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के संगणकापर्यंत पोचते. पण तो टिकाऊपणाची हमी नाही आणि शिक्का खोटाही असू शकतो, म्हणून त्या कार्यक्रमाच्या यादीत मॉडेलचं नाव शोधावं. वॉरंटी किती वर्षांची, तेही बघावं. भारनियमनाच्या वर्षांत वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना कुणाचा संगणक बंद पडे, कुणाचा चालू राही, ते आठवतं ना? चांगला डबा वीज गेल्यावरही सेकंदाचा साठावा भाग तग धरतो. तेवढा वेळ बऱ्याचदा पुरतो.

भाचा आता या धंद्यातच आहे. परवा त्यानं नवा संगणक जुळवला, तेव्हा आधी एसएमपीएस घेतला आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड. माझ्या निम्म्या कविता मासिकांच्या जुन्या अंकांतून परत मिळाल्या. बाकीच्या मिळाल्या नाहीत. आता लिहिलेलं सगळं मी दोन ठिकाणी ठेवतो, त्यातलं एक ठिकाण म्हणजे वही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)