चार बाइटांचा रकाना : फॅट३२ मधील फाइलमर्यादेचा पूर्वेतिहास

३२ गिगाबाइटांचा कोरा ड्राइव्ह ५ गिगाबाइटांची एक फाइल स्वीकारीत नाही, तेव्हा दोष बहुधा ड्राइव्हला दिला जातो. वस्तुतः ही मर्यादा साठ्याची नसून नोंदीची आहे.

फॅट ही रचना मार्क मॅक्डॉनल्ड यांनी १९७७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये प्रथम सिद्ध केली. १९८० मध्ये टिम पॅटर्सन यांनी ८६-डॉससाठी तिचा अवलंब केला आणि १९८१ साली ती आयबीएमच्या वैयक्तिक संगणकावर आली. या संगणकावरील प्रत्येक फाइलची निर्देशिकेत ३२ बाइटांची एक नोंद असे. नाव, दिनांक, आरंभस्थान हे सर्व तीतच बसवावयाचे. शेवटचे चार बाइट आकारासाठी. चार बाइटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ होय. फाइल याहून एका बाइटाने जरी मोठी झाली, तरी तिचा आकार लिहावयास जागा उरत नाही. त्या संगणकाच्या फ्लॉपीवर प्रारंभी १६० किलोबाइट मावत. अशा सव्वीस हजार फ्लॉपी भराव्यात एवढा हा आकडा मोठा होता. तेव्हा मूळ रचनाकारांवर अदूरदृष्टीचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल.

विचारणीय प्रश्न आहे तो १९९६ चा. त्या वर्षी विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट३२ अवतरली. मोठ्या डिस्क हाताळता याव्यात म्हणून तक्त्यातील क्लस्टर-क्रमांक १६ बिटांवरून ३२ बिटांवर नेण्यात आले (पैकी प्रत्यक्ष वापरात २८). हा वाढीव क्रमांक मावावा म्हणून निर्देशिकेच्या नोंदीतही आणखी दोन बाइट काढून देण्यात आले. आकाराचा रकाना मात्र होता तसाच राहिला. याचा अर्थ असा की, नोंद अगदीच अस्पर्श मानली गेली नव्हती. निकड भासली तेथे जागा निघाली. घरगुती संगणकाची संपूर्ण डिस्कच जेव्हा एकदोन गिगाबाइटांची असे, तेव्हा चार गिगाबाइटांच्या एका फाइलची निकड कोणास भासणार? योगायोग असा की, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली आणि तिच्या एका थरात ४.७ अब्ज बाइट मावत होते.

पर्याय नव्हते असे नाही. एनटीएफएस १९९३ पासून होती. २००६ साली आलेल्या एक्सफॅटने आकारासाठी आठ बाइट दिले. परंतु तिचे विनिर्देश मायक्रोसॉफ्टने २०१९ पर्यंत खुले केले नाहीत. परिणामी सर्व उपकरणांस समजणारी भाषा म्हणून फॅट३२ च टिकून राहिली आणि मोठ्या फाइलीचे तुकडे करण्याची रीत रूढ झाली. युनिक्समधील ‘स्प्लिट’ आज्ञेने तुकडे पाडावेत, ते वाहून न्यावेत, पलीकडे ‘कॅट’ने सांधावेत, एक तुकडा गहाळ झाला की मूळ फाइल पुन्हा उभी राहत नाही.

फॅट३२ वर चित्रण करणारे अनेक कॅमेरे हे काम न सांगताच करीत. मौखिक इतिहासाच्या संग्रहात एकच मुलाखत तीनचार फाइलींत विभागलेली आढळते, ती पुष्कळदा यामुळे. अभ्यासकाने अशा खंडाचा अर्थ निवेदकाच्या मौनात शोधण्यापूर्वी फाइलींचे आकार पाहणे इष्ट. शेवटची वगळता बाकीच्या सर्व चार गिगाबाइटांच्या ऐन उंबरठ्यावर थांबल्या असतील, तर निवेदक बहुधा बोलतच होता.