सिलिकॉनचे दृष्टिपटल

कॅमेरा म्हणजे यांत्रिक डोळा, असे आपण शाळेत शिकलो. उपमा सोयीची, पण फसवी. माणसाच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी सुमारे १२ कोटी आणि मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १०-१२ लाख. म्हणजे काय कळवायचे याची निवड डोळ्यातच होते.

या निवडीचा एक धागा हार्टलाइन यांना हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यात सापडला. उजेड पडलेला घटक शेजाऱ्यांना दाबतो, म्हणून कडा उठून दिसतात. १९६७च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये चिपरचना शिकवणाऱ्या कार्व्हर मीड यांना मज्जापेशींची गोडी लावली जीवशास्त्रज्ञ मॅक्स डेलब्रुक यांनी. ट्रान्झिस्टर पुरता चालू न करता उंबरठ्याखाली ठेवला, तर त्यातला प्रवाह मज्जापेशीतल्या प्रवाहासारखाच वागतो, हे मीड यांनी हेरले. इतर अभियंते त्याला गळती म्हणत.

चिप मात्र घडली मिशा माहोवाल्ड या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या हातून. या इतिहासात त्यांचे नाव मागे पडते, ते मला खटकते. १९८८ मध्ये दोघांनी मांडलेल्या या दृष्टिपटलात दोन-अडीच हजार बिंदू होते. त्यांना जोडणारे रोधांचे जाळे आसपासचा सरासरी उजेड सांगे आणि प्रत्येक बिंदू त्याच्याशी असलेला फरक तेवढा पुढे पाठवी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात मी पाहुण्यांना नेतो, तेव्हा याचे मोल कळते. डोळे सरावले की पद्मपाणीही दिसतो आणि दाराबाहेरचे ऊनही. मोबाईलच्या फोटोत मात्र भिंत साधावी तर दार पांढरेफटक. माहोवाल्डना कॅमेरा करायचाच नव्हता. डोळा समजला की नाही, हे त्यांना तो बांधून तपासायचे होते.

चिपला लाखो तारा जोडता येत नाहीत. म्हणून बोलणाऱ्या बिंदूने फक्त आपला पत्ता कळवावा, ही युक्ती त्यांनी मांडली. १९९६ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी त्या गेल्या. पुढे झुरिचमध्ये लिख्टश्टायनर, पॉश आणि टोबी डेलब्रुक (मॅक्स यांचेच चिरंजीव) यांनी १२८ × १२८ बिंदूंचा सेन्सर केला. २००८ मध्ये त्याचा सविस्तर लेख आला. यात उजेड बदलला तरच बिंदू बोलतो.

स्थिर भिंतीपुढे तो जवळपास गप्प राहतो. आपला डोळाही राहिला असता. पण नजर रोखली तरी तो नकळत थरथरत असतो, म्हणून चित्र पुसले जात नाही. काही संशोधक आता अशा कॅमेऱ्यालाही मुद्दाम तशी थरथर देऊन पाहत आहेत.