सध्या काय वाचताय?

दशलक्षण पर्वाच्या आधीची गोष्ट. दुपारची भांडी आवरून मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. सूनबाई कपडे वाळत घालून आत आली आणि जाता जाता तिनं सहज विचारलं, "आई, सध्या काय वाचताय?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "समयसार."

मांडीवर समयसार होतंच. पण त्याच्या आत जैनेंद्रकुमारांचं 'त्यागपत्र' उघडं होतं आणि समयसाराचं एकही पान त्या दुपारी उलटलेलं नव्हतं. ती "बरं" म्हणून स्वयंपाकघरात गेली. संध्याकाळी सामायिकाला बसले, पण मन काही लागेना. पन्नाशी उलटलेली बाई मी, घरात मला कुणी दटावणारं नाही, तरी खोटं बोलले. वर जिनवाणीच्या आड कादंबरी लपवली, हा अविनय निराळाच.

मैत्रिणींनो, हे खोटं मी कुठं शिकले ते आधी सांगते. माझं माहेर खानदेशातलं. आईकडे हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ची एक जुनी प्रत होती. बांधणी सुटलेली, तिनं स्वतः जाड दोऱ्यानं शिवलेली. ती प्रत राहायची तुरीच्या डाळीच्या कोठीत. दुपारी सगळे पडले की बाहेर निघायची. आजीनं आवाज दिला की परत डाळीत. वाचता वाचता जिथं थांबली असेल तिथं आई समासात पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायची. खूण घालायला कागद ठेवला तर कुणाला दिसेल, म्हणून टिंब. पुस्तकभर अशी टिंबं होती. कुठं दोन पानांवर एक, कुठं एकाच पानावर तीन. ज्या पानावर तीन टिंबं, त्या दुपारी तिला तीनदा उठावं लागलं असणार.

लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला, या लालबागेत आले तेव्हा आईनं ती प्रत माझ्या साड्यांच्या घडीत सरकवली. लालबाग म्हणजे आमचं रेल्वे स्टेशन आणि ताप्ती मिल. मिलच्या भोंग्यावर घरातली कामं चालत. एका भोंग्यापासून दुसऱ्या भोंग्यापर्यंत जी शांतता मिळे, तिच्यात मी वाचायची. मराठी पुस्तक हवं असलं तर कुणी भुसावळ-जळगावला निघालेलं बघून त्याच्याकडे चिठ्ठी द्यायची. असं करत करत कपाटाचा एक कप्पा भरला.

मग वीसेक वर्षांपूर्वी एका चातुर्मासात विकथांवरचं प्रवचन ऐकलं. स्त्रीकथा, भोजनकथा, देशकथा आणि राजकथा, या चार विकथा. प्रमाद वाढवणाऱ्या, वेळ खाणाऱ्या. मला वाटलं, आपल्या कादंबऱ्यांत या चारींशिवाय दुसरं आहे काय? पुस्तकं टाकून दे असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. उत्साह सगळा माझाच. घरी आले, कप्पा रिकामा केला, सुतळीनं गठ्ठे बांधले आणि रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवले. आईची शिवलेली प्रतही त्यात गेली. किलोच्या भावानं. तेव्हा आई हयात होती. तिला मी हे कधी सांगितलं नाही आणि आता सांगायची सोय राहिली नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं फक्त धर्माची पुस्तकं वाचली. गंमत अशी, की त्या पुस्तकांनीच मला परत कादंबरीकडे आणून सोडलं.

पहिली भेटली 'तरंगवती'. पादलिप्तसूरी या जैन आचार्यांनी ती महाराष्ट्री प्राकृतात लिहिली. महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. परंपरा त्यांना पैठणच्या सातवाहन राजांच्या सभेशी जोडते. मूळ ग्रंथ काळाच्या ओघात हरवला, पण पुढं कुणीतरी केलेला त्याचा संक्षेप 'तरंगलोला' या नावानं उरला. जर्मन पंडित अर्न्स्ट लॉयमान यांनी 1921 मध्ये त्याचं भाषांतर प्रसिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं 'साध्वी' अशा अर्थाचं. ते नाव योग्यच होतं, कारण ही कथा सांगते एक साध्वी.

ती गोचरीला एका श्रीमंत घरी जाते. घरची बाई तिचं रूप बघून थक्क होते आणि विचारते, तुम्ही कोण, कुठल्या, दीक्षा का घेतली? साध्वी आधी बिचकते. पूर्वी भोगलेली सुखं आठवणंसुद्धा आम्हाला बरं नाही, म्हणते. पण वैराग्यापुरतं सांगते, असं म्हणून ती सुरू करते आणि आपली सगळी प्रेमकहाणी सांगते. बागेतल्या तळ्यावर चक्रवाक पक्षी बघून तिला मागचा जन्म आठवला होता. ती चक्रवाकी होती. पारध्याचा बाण हत्तीला चुकून तिच्या जोडीदाराला लागला आणि तिनंही त्याच्या चितेत उडी घेतली. या जन्मी त्याला शोधायचं कसं? तिनं ती सारी हकिगत चित्रांत रंगवली आणि कौमुदी उत्सवाच्या रात्री लोकांच्या वाटेवर मांडून ठेवली. त्यानं ती बघितली आणि त्यालाही आठवलं! वडील लग्नाला नाही म्हणाले तेव्हा दोघं नावेतून पळाले, चोरांच्या हाती सापडले, सुटले. शेवटी दोघांनी दीक्षा घेतली.

हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. गोचरीच्या वेळी, दारात, एका बाईनं दुसऱ्या बाईला सांगितलेली गोष्ट! यात प्रेम आहे, पळून जाणं आहे, चोर आहेत. आणि सांगणारी कोण, तर पांढऱ्या वस्त्रातली साध्वी. विकथेच्या मापानं मोजायचं तर हिला कुठल्या तराजूत घालणार?

मग 'कुवलयमाला'. उद्योतनसूरींनी 779 मध्ये राजस्थानातल्या जालोरला ती पूर्ण केली. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्या आहारी गेलेल्या पाच माणसांची ही कथा. एरवी आपण कषायांची नावं पाठ म्हणतो. इथं मात्र लोभ समुद्रावर व्यापाराला निघतो आणि आपल्या भागीदाराला पाण्यात ढकलतो. त्यात एक बाजार आहे. देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात आणि त्या गर्दीत मरहट्टेही आहेत. त्यांच्या बोलीतले देण्याघेण्याचे शब्द लेखकानं टिपून ठेवलेत. एका आचार्यांनी बाजारात उभं राहून इतकं कान देऊन ऐकलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण मला खरं हलवलं ते बनारसीदासांनी. आपल्या स्वाध्याय मंडळात त्यांचं 'समयसार नाटक' आपण सगळ्यांनी मिळून वाचलंय. पण त्यांचं 'अर्धकथानक' किती जणींनी बघितलंय? 1641 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपलं आयुष्य 675 पद्यांत लिहिलं. माणसाचं पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरून ही अर्धी कथा. भारतीय भाषांतल्या सगळ्यात जुन्या आत्मचरित्रांत ते मोडतं.

जौनपूरच्या या जवाहिऱ्याच्या मुलानं तरुणपणी शृंगाराची हजारभर पद्यं लिहिली होती. एक दिवस मित्रांबरोबर गोमतीच्या पुलावर बसला असताना मनात आलं, एक खोटं बोलणाराही नरकात जातो म्हणतात, मी तर पोथीभर खोटं लिहिलं. त्यानं पोथी नदीत टाकली. मित्र हाय हाय करत राहिले, पानं वाहून गेली.

हे वाचलं तेव्हा मला माझा रद्दीवाला आठवला. म्हटलं, चला, आपण एकट्या नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. पुढं, 1610 च्या सुमारास, बनारसीदास आग्र्याला व्यापारासाठी गेले आणि पार बुडाले. हातात काही उरलं नाही. बाजारात तोंड दाखवायची लाज. तेव्हा ते घरी बसून रात्री 'मधुमालती' आणि 'मृगावती' मोठ्यानं वाचायचे. दोन्ही अवधीतल्या लांबलचक प्रेमकथा, सूफी कवींनी लिहिलेल्या. 'मृगावती' कुतुबनची, 1503 ची. 'मधुमालती' मंझनची, 1545 ची. दहा-वीस माणसं रोज ऐकायला जमत. त्यांच्यात एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते उधारीवर कचोऱ्या घेऊन खात. पैसे नाहीत हे त्याला सांगून टाकलं, तरी त्यानं महिनोन् महिने उधारी चालू ठेवली.

बघा, स्वतःची प्रेमकाव्याची पोथी नदीत सोडणारा माणूस, वाईट दिवस आले तेव्हा दुसऱ्यांच्या प्रेमकथाच वाचत बसला. आणि म्हातारपणी 'समयसारा'वर ग्रंथ लिहून झाल्यावरही त्यानं हे लपवलं नाही. सध्या काय वाचताय, या प्रश्नाला एका जैन श्रावकानं दिलेलं हे खरंखुरं उत्तर आहे, चारशे वर्षांपूर्वीचं.

साधारण त्याच काळात, 1615 मध्ये, इकडे आमच्या लालबागेजवळ कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून झिरपत येतं आणि कुंड्यांमधून वर दिसतं. आपल्या बायकांचं वाचनही पुष्कळ वर्षं असंच जमिनीखालून वाहिलं. मराठीत पहिली कादंबरी आली 1857 मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', आणि तिचा विषयच विधवांचे हाल. 1890 मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. वाचणाऱ्या बाईला वाटावं, ही माझ्याच कानाशी बोलतेय. काशीबाई कानिटकर लग्नानंतर घरच्यांच्या नजरा चुकवत शिकल्या आणि पुढं स्वतः कादंबरीकार झाल्या. 1928 च्या 'पालखीचा गोंडा'मध्ये तर त्यांनी बायकांनी चालवलेलं राज्य उभं केलं. आणि 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा लेखिकेलाच विभावरी शिरूरकर या नावाआड लपावं लागलं. खरं नाव मालतीबाई बेडेकर. लिहिणारी नावाआड, वाचणारी डाळीच्या कोठीआड.

आता नाथूराम प्रेमींविषयी सांगते. आपल्याच मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातल्या देवरीचे. जन्म 1881 चा. जैन ग्रंथांचे मोठे अभ्यासक. हस्तलिखितं शोधायची, शुद्ध करायची, छापायची, यात आयुष्य गेलं. 'अर्धकथानक' त्यांनीच संपादून 1943 मध्ये मुंबईहून छापलं. पण त्यांची जी संस्था, हिंदी ग्रंथ रत्नाकर, तिनंच शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या हिंदीत आणल्या आणि 1936 मध्ये प्रेमचंदांचं 'गोदान'ही काढलं. जैनेंद्रकुमारांची पुस्तकंही तिथून निघाली. एका हातानं जिनवाणी, दुसऱ्या हातानं कादंबरी, आणि दोन्ही उघड्यावर. त्यांना एकाआड दुसरं लपवावं लागलं नाही.

तर मैत्रिणींनो, आता माझं खरं उत्तर. सध्या मी जैनेंद्रांचं 'त्यागपत्र' वाचतेय. 1937 ची छोटीशी कादंबरी, दोन दुपारींत संपते. मला मात्र दहा दिवस लागले. मृणाल नावाच्या आत्याची कहाणी तिचा भाचा प्रमोद सांगतो. आईबाप नसलेली ही मुलगी भावजयीच्या धाकात वाढते. मैत्रिणीच्या भावाशी मन जुळतं, म्हणून छड्या खाते आणि घाईनं एका प्रौढ माणसाला देऊन टाकली जाते. नवऱ्याशी प्रामाणिक राहायचं म्हणून ती त्याला मागचं सगळं खरं सांगते. त्या खऱ्यापायी तो तिला घराबाहेर काढतो. पुढं तिची उतरंड थांबत नाही. भाचा शिकून न्यायाधीश होतो, पण आत्याला वाचवत नाही. शेवटी तो राजीनामा देतो. तेच त्यागपत्र.

हीच कादंबरी समयसारात लपवून मी खोटं बोलले. तिथं मृणाल सत्यापायी देशोधडीला लागली आणि इथं मी, जिला खरं सांगितल्यानं फार तर सुनेचं हसू ऐकावं लागलं असतं!

दुसरी आहे 'पण लक्षात कोण घेतो?' नवी प्रत मागवलीय. टिंबं नसलेली. वाचताना मी अंदाज करते, आई इथं थांबली असेल, इथं तिला कुणी हाक मारली असेल. आणि तिसरी नेमाड्यांची 'कोसला', 1963 ची. आपल्या खानदेशातला पांडुरंग पुण्याला शिकायला जातो. मी ती आधी विनोदासाठी हसत हसत वाचत होते. मग त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं गेली, आणि त्या रात्री मला पुढं वाचवेना.

विकथेचं काय? मी माझ्यापुरती एक परीक्षा ठरवलीय. पुस्तक मिटल्यावर माझे कषाय वाढले की अनुकंपा वाढली? काही कादंबऱ्या या परीक्षेत नापास होतात, हे कबूल करते. एकदा तर नुसतं पुढं काय होतं या नादात दूध उतू गेलं आणि सामायिकाची वेळही टळली. तो प्रमादच, त्याला दुसरं नाव नाही. पण 'त्यागपत्र' मिटलं तेव्हा मी आमच्या नात्यातल्या एका बाईला फोन केला. तिच्याशी कुणी बोलत नाही, मीही सहा वर्षं बोलले नव्हते. ती फोनवर आधी गप्प होती, मग म्हणाली, "तुला आज कशी आठवण झाली?" मी म्हटलं, "एक कादंबरी वाचली."

क्षमावाणीच्या दिवशी मी सूनबाईलाही सांगून टाकलं. "त्या दिवशी समयसार नव्हते वाचत, त्यागपत्र वाचत होते." ती हसली नाही. आत गेली आणि तिच्या उशीखालून एक पुस्तक घेऊन आली.

"मीपण लपवत होते," ती म्हणाली.

आता आमच्या घरी दोन्ही पुस्तकं बाहेरच्या टेबलावर असतात. समयसार चौरंगावर, त्याच्या जागी. मी तिची कादंबरी वाचतेय, ती माझी. ती जिथं थांबते तिथं पेन्सिलीनं टिंब द्यायला मी तिला शिकवलंय. कुठून शिकले, तेही सांगितलंय.